सोलापूरच्या पाण्यासाठी एकच फ्लाय निवडायची तर कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजनी, हिप्परगा, सीना, भीमा या पाण्यांवर गळ टाकून बसणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फ्लाय रॉड घेऊन उभे राहणारे मात्र अजून मोजकेच. नवीन माणूस माहिती शोधायला जातो तेव्हा त्याला थंड डोंगरी नद्यांमधल्या ट्राउटबद्दलच सगळं वाचायला मिळतं. आपलं पाणी कोमट, साठलेलं आणि वर्षातले काही महिने गढूळ. खालची उत्तरं याच पाण्याचा विचार करून लिहिली आहेत.

फ्लाय म्हणजे काय? साध्या गळापेक्षा त्यात वेगळं काय आहे?

गळावर पिसं, लोकर, केस, तार दोऱ्याने बांधून केलेलं आमिष म्हणजे फ्लाय. कणीक किंवा गांडुळासारखा तिला वास नसतो, चव नसते. मासा फसतो तो तिच्या आकाराला आणि हालचालीला. तिला स्वतःचं वजनही जवळजवळ नसतं, म्हणून ती लांब टाकण्याचं काम जाड लाइन करते. लाइनचा नंबर म्हणजे तिचं वजन, आकडा मोठा तितकी लाइन जड. ६ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण १० ग्रॅम भरतात. ते वजन हवेत मागेपुढे झुलवून फ्लाय पोचवायची असते.

एकच नाव सांगा. कोणती घेऊ?

वूली बगर. १० नंबरचा लांब दांड्याचा गळ, रंग ऑलिव्ह म्हणजे शेवाळी हिरवा, डोक्याशी छोटा पितळी मणी.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी ती १९६७ च्या सुमारास बांधली. त्याआधीपासून चालत आलेल्या वूली वर्म नावाच्या फ्लायला त्यांनी मऊ पिसांची शेपटी जोडली. त्यांच्या डोक्यात पाण्यातली एक मोठी अळी होती आणि मासा होता तिकडचा स्मॉलमाउथ बास. आपल्याकडे ना ती अळी आहे ना तो मासा. तरीही ती इथे चालते, आणि का चालते हे कळलं की फ्लाय निवडण्याचं अर्धं काम झालंच.

मग का चालते? माशाला ती काय वाटते?

ती कुठल्याही एका जिवाची नक्कल नाही, हेच तिचं बळ. तळाशी हळू सरकवली तर चतुराच्या अळीसारखी दिसते. झटके देऊन ओढली की घाबरून पळणारी बोटुकली किंवा झिंगा वाटते. ओढणं थांबवलं की मऊ शेपटी पाण्यात उघडते, मिटते आणि ती मरायला टेकलेल्या जिवासारखी खाली जाते. उजनीत किंवा हिप्परग्याच्या तलावात मासे जे खातात त्यातलं बरंचसं असं लांबट, गडद, मऊ आणि तळाजवळ वळवळणारं असतं.

याउलट एखाद्या विशिष्ट मायफ्लायची (पाण्यात वाढणारा एक नाजूक पंखांचा किडा) हुबेहूब नक्कल तोच किडा पाण्यावर असेल तेव्हाच उपयोगी पडते. अशा फ्लाय सुंदर दिसतात, बांधणाऱ्याचं कसब त्यांत दिसतं, पण सर्व ऋतूंत चालणाऱ्या म्हणून त्या घेऊ नयेत.

गळाचा नंबर १० च का? मोठी फ्लाय, मोठा मासा असं नाही का?

गळाच्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो, हे आधी लक्षात घ्या. ६ नंबर १० पेक्षा मोठा, १४ त्याहून लहान. परदेशी पाकिटांत बगर बहुतेक ४ ते ८ नंबरात येते. आपल्याकडे सर्वांत जास्त भेटणारा मासा चिलापी, आणि त्याचं तोंड लहान. ६ नंबरची फ्लाय तो शेपटीला धरून टोचत राहतो, गळ मात्र लागत नाही. १० नंबर चिलापीच्या तोंडात मावतो आणि मोठा सायप्रिनस (कॉमन कार्प) लागला तरी सरळ होत नाही. मासे नुसतेच टोचत असतील तर १२ वर या, किंवा शेपटी बोटांनी तोडून निम्मी करा. कात्रीने कापू नका, कापलेली कड ताठ दिसते.

रंगाचं काय? दुकानात वीस रंग दिसतात.

दोन पुरेत, ऑलिव्ह आणि काळा.

पावसाळ्यात भीमेला वरचं पाणी येतं, नदी तांबडी होते. तेव्हा काळी वापरा. गढूळ पाण्यात रंग ओळखू येत नाहीत, उजेडाच्या बाजूला दिसणारी गडद आकृती तेवढी कळते, आणि काळ्याची आकृती सर्वांत ठसठशीत. पहाटे आणि दिवेलागणीलाही तीच. दिवाळीनंतर पाणी निवळलं की ऑलिव्ह. उजनीच्या पाण्यात वरून येणाऱ्या सांडपाण्यामुळे शेवाळ माजतं आणि पाणी हिरवं दिसतं, तिथेही आधी ऑलिव्ह बांधा. मासा नाही लागला की रंग बदलावासा वाटतो. त्याआधी खोली बदला.

खोली बदला म्हणजे काय करायचं?

या पानावरचं हे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मासा ज्या थरात आहे त्या थरातून फ्लाय गेली तरच तो ती घेतो. तळाशी बसलेला चिलापी दोन मीटर वर येऊन तुमची फ्लाय पकडेल अशी आशा धरू नका. रंग, पिसांची जात, मण्याची चकाकी हे सगळं त्यानंतरचं.

फ्लाय टाका आणि मनात आकडे मोजा. पहिल्या वेळी ५ मोजून ओढायला लागा, दुसऱ्या वेळी १०, मग १५. कधीतरी गळावर शेवाळ येईल किंवा फ्लाय तळाला घासल्याचं जाणवेल. समजा ते २० वर झालं. आता १७-१८ वर ओढायला सुरुवात करा. जागा बदलली की पुन्हा मोजणी. हे कंटाळवाणं वाटतं, पण मण्याची एक साधी बगर चार थरांत फिरवता येते ती यामुळेच.

उजनीवर याला आणखी एक जोड द्या. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात धरतात. उन्हाळ्यात पेपरमध्ये ‘उजनी उणे’ अशी बातमी येते ती पाणी त्या रेषेखाली गेल्यावर. तेव्हाही मासे असतात, आणि शिवाय पाण्याखालची जमीन उघडी पडलेली असते. पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं तसे जुने रस्ते, शेतांचे दगडी बांध, विहिरींचे कठडे, ओढ्यांच्या कडा दिसू लागतात. मे महिन्यात तिकडे फिरून या, फोनवर जागा टिपून ठेवा. डिसेंबरात त्याच बांधांच्या कडेला मासे फिरत असतात आणि तिथे पाणी किती खोल आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. फ्लायच्या डबीवर खर्च करण्यापेक्षा ही चक्कर लाख मोलाची.

फ्लाय ओढायची कशी?

रॉडचं टोक पाण्याला टेकवून ठेवा. डाव्या हाताने लाइन एक वीत ओढा, पुन्हा एक वीत, मग थांबा. थांबलात की मणी फ्लायचं तोंड खाली करतो, ओढली की ती वर उठते. मासा बहुतेक वेळा याच थांबण्यात फ्लाय घेतो, म्हणून थांबलेल्या वेळी लाइनकडे डोळा ठेवा. ती किंचित सरकली, ताणली किंवा उगाच सैल पडली तरी मासा समजा.

मासा लागल्यासारखा वाटला की रॉड वर उचलायची घाई सगळ्यांना होते. रॉड तशीच ठेवून डाव्या हाताने लाइन ओढा. मासा चुकला तरी फ्लाय त्याच्या समोरच राहते आणि तो पुन्हा येतो.

थंडीत ओढ हळू, बोटांत लाइन गुंडाळत आणल्याइतकी. पाणी कोमट असेल तेव्हा जरा चपळ.

चिलापीला खरंच फ्लाय लागते? तो तर शेवाळ खातो.

शेवाळ खातो, किडे खातो, अळ्या खातो, दुसऱ्यांची अंडी आणि पिल्लंही खातो. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणला गेला, नंतर नाईल चिलापीही आला. आज उजनीच्या काठावर कुठल्याही हॉटेलात बसलात तर ताटात बहुधा तोच येतो.

फ्लायवाल्याच्या कामाची त्याची सवय म्हणजे घरटं. नर उथळ पाण्यात तोंडाने आणि शेपटीने माती उडवून ताटाएवढे गोल खड्डे करतो आणि त्यावर पहारा देतो. पाणी निवळ असेल तर काठावरून ते खड्डे दिसतात. अशा खड्ड्यापलीकडे फ्लाय टाकून हळूच कडेवरून सरकवली की नर भूक नसतानाही तिच्यावर धावून येतो, घुसखोराला हाकलायला. ती धडक जोरदार असते.

मादी अंडी आणि पिल्लं तोंडात वाढवते. गळाला आलेल्या मासळीच्या तोंडातून पिवळसर अंडी पडताना दिसली तर तिला लगेच पाण्यात सोडा. खाण्यासाठी ठेवायचाच असेल तर नर ठेवा. चिलापी बाहेरचा मासा आहे, इथल्या जातींना त्याचा त्रास होतो, म्हणून तो मुळीच सोडू नये असं काही जण म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण उजनीतून तो आता जाणार नाही आणि त्यावर कितीतरी घरं चालतात, हेही खरं.

मरळ?

मरळीसाठी बगर घेऊन जाऊ नका. पाणकणसात, वेलींच्या जाळीत ती दबा धरून बसते, तिला वर तरंगणारा बेडूक किंवा पॉपर, म्हणजे ओढला की पाण्यावर आवाज करणारी फ्लाय, हवा. गळ १ नंबरचा किंवा त्याहूनही मोठा १/०, आणि त्याच्या टोकापुढे जाड नायलॉनचा फास, म्हणजे फ्लाय गवतात अडकत नाही. लाइन ८ नंबरची, कारण लागलेली मरळ पहिल्या झटक्यातच जाळीत घुसते.

पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका खदखदताना दिसला तर तिथे फ्लाय टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात आणि राग येऊन ते कशावरही झडप घालतात. सोपी शिकार आहे. पण राखण करणारी जोडी गेली की तो घोळका बघता बघता इतर माशांच्या पोटात जातो. याबाबत मी कुणाचीच सबब ऐकत नाही.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस?

कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू बराचसा शाकाहारी, मृगळ तळाचा गाळ चाळतो. फ्लायवर ते आले तर योगायोग समजा. सायप्रिनस मात्र लागतो. उथळ पाण्यात डोकं खाली घालून तो तळ उकरतो तेव्हा मातीचा धूर उठतो. त्या धुराच्या पुढे हातभर अंतरावर १२ नंबरची बगर टाका, तळाला बसू द्या आणि तो जवळ आल्यावर फक्त इंचभर हलवा. त्याच्या डोक्यावर टाकलीत तर तो दिवसभर परत येणार नाही.

भीमेत महाशीर होता म्हणतात, त्याला कोणती फ्लाय?

भीमेच्या खोऱ्याचा आणि महाशीरचा संबंध जुना आहे. दख्खनी महाशीर, आपला खडस, याचं शास्त्रीय वर्णन इंग्रज अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं ते पुण्याकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. तेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत येतं. पण खडसाला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं. सोलापूरच्या साठलेल्या पाण्यात त्याच्या मागे लागू नका. कधी चुकून भेटलाच तर पाण्याबाहेर न काढता सोडून द्या.

ड्राय फ्लाय, म्हणजे तरंगणारी, मुळीच नको का?

वर्षातले काही दिवस हवी. वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्या आणि मुंग्या थव्याने उडतात. पाण्यावर पडतात तेव्हा लहानमोठे सगळे मासे वर येतात आणि बगरकडे कुणी बघत नाही. त्या संध्याकाळसाठी काळ्या फोमची १२ किंवा १४ नंबरची मुंगी डबीत असू द्या. पावसाळ्याच्या अखेरीस काठच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात, तेव्हा फोमचा नाकतोडा. अॅडम्ससारख्या प्रसिद्ध ड्राय फ्लाय ट्राउटच्या नद्यांसाठी आहेत, इथे त्यांच्यावाचून काही अडत नाही.

कोणती रॉड, कोणती लाइन?

९ फुटी, ६ नंबरची रॉड आणि तरंगणारी लाइन. पुढे ९ फुटी लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा निमुळता नायलॉनचा दोरा. त्याच्या टोकाचा बारीक भाग म्हणजे टिपेट, ते ३एक्स, साधारण ०.२० मिलिमीटर जाडीचं. गळाच्या नंबराला ३ ने भागलं की टिपेटचा एक्स अंदाजे कळतो, १० नंबरला ३एक्स, १२ ला ४एक्स. बाभळी जास्त असतील तिथे एक पायरी जाड, म्हणजे एक्सचा आकडा कमी असलेलं वापरा.

उजनीवर वारा फार असतो. मण्याची फ्लाय फेकता येत नाही.

दुपारी फेकूच नका. पहाटे पाणी काचेसारखं असतं, मासेही तेव्हाच काठाला असतात आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात नऊनंतर उभं राहणं तसंही अवघड. आषाढ-श्रावणातला वारा मात्र सकाळपासून सुटतो. तेव्हा वारा डाव्या खांद्यावर येईल अशी जागा धरा (डावखुऱ्यांनी उजव्या), बिनमण्याची बगर लावा आणि थोडं जवळच टाका. टोपी आणि चष्मा कायम हवा. मण्यासकट वेगाने येणारा गळ डोळ्याला लागला तर डोळा जातो.

घरी बांधता येते का?

येते, आणि सुरुवात करायला यापेक्षा सोपी फ्लाय नाही. निम्मं सामान सोलापुरातच मिळतं. गावरान कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसं चिकनवाल्याकडे सांगून ठेवा. ती पावडरच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, डांबरगोळ्या घालून डब्यात ठेवा. बारीक तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. अंगासाठी शेनिल (केसाळ दोरा) किंवा अॅक्रिलिक लोकर. आपल्याकडे सुताला तोटा नाही, पण सुती सूत वापरू नका, ते ओलं झालं की चपटं बसतं आणि पाणी धरून जड होतं. शेपटीसाठी मॅराबू, म्हणजे पाण्यात फुलणारी मऊ पिसं, मागवावं लागतं. तोवर कोंबड्याच्याच पिसाच्या बुडाशी असलेला कापसासारखा भाग चालतो.

आधी मणी गळात ओवा आणि गळ व्हाइसमध्ये, म्हणजे फ्लाय बांधायच्या शिकंज्यात, धरा. दोरा वाकाजवळ नेऊन तिथे शेपटी बांधा, लांबी गळाच्या दांड्याएवढी. तिथेच तार आणि लोकर अडकवा. लोकर मण्यापर्यंत गुंडाळत आणून बांधा. मग मण्यामागे पीस बांधून त्याचे चार-पाच वेढे मागे शेपटीपर्यंत न्या आणि आता तार उलट्या दिशेने पुढे आणत त्या पिसावरून गुंडाळा. उलटी दिशा चुकवू नका. तारेने पिसाची काडी जागोजागी दाबली जाते, म्हणून माशाच्या दातांनी एक वेढा तुटला तरी बाकीचं पीस सुटत नाही. शेवटी गाठी मारा, वर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब.

दुकानातल्या फ्लायवर पीस फार दाट असतं. तुमची विरळ असू द्या, विरळ फ्लाय लवकर बुडते आणि जास्त हलते.

डबीत किती आणि कोणत्या ठेवू?

बगरच ठेवा, वजनं वेगळी. काही बिनमण्याच्या, काही मण्याच्या, काही मण्याखाली आणखी तारेचे वेढे दिलेल्या. प्रत्येकी दोन्ही रंग. त्याशिवाय फोमच्या मुंग्या. एवढ्यावर पहिलं वर्ष काढा. वजन ओळखण्यासाठी डोक्याजवळचा दोरा वेगवेगळ्या रंगाचा वापरा, काठावर अंधारात हातात घेऊन अंदाज करत बसावं लागत नाही.

वेड्या बाभळीत फ्लाय सारखी अडकते.

पाणी चढलं की काठच्या वेड्या बाभळी बुडतात आणि मासेही त्यांच्याच आडोशाला जातात, त्यामुळे हे टळणार नाही. बॉब क्लाउझर यांच्या क्लाउझर मिनो नावाच्या फ्लायमध्ये डंबेलसारखे जड डोळे दांड्याच्या वरच्या अंगाला बांधतात, त्यामुळे फ्लाय पाण्यात उलटी होते आणि गळाचं टोक वर राहतं. तीच युक्ती बगरला करा. मण्याऐवजी छोटे डंबेल डोळे बांधले की ती फांद्यांवरून बरीच निसटते. अडकलीच तर रॉडने हिसडू नका. लाइन सैल सोडून दुसऱ्या बाजूला जा आणि तिकडून ओढा. तुटलेलं टिपेट गोळा करून घरी आणा. उजनीवर रोहित आणि चित्रबलाक येतात, नायलॉन त्यांच्या पायांत गुंततं.

कुठे जाऊ? परवानगी लागते का?

तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेली असते. आधी त्यांना विचारा, शंका असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात. काठावरच्या माणसाला नुसतं ‘मामा, हितं जाळी लावलीत का?’ एवढं विचारलं तरी पुढचा अर्धा तास पाण्याची खोली, बुडालेली विहीर, माशांची वेळ सगळं कळतं. जाळ्यांच्या बोयांवरून लाइन टाकू नका, त्यात त्यांची पोटं आहेत.

शिकायला हिप्परगा बरा, शहराला जवळ आणि काठ मोकळा. सिद्धेश्वर तलावात आणि पंढरपूरला चंद्रभागेच्या घाटांवर गळ काढू नये, ती श्रद्धेची ठिकाणं आहेत. धरणाच्या दरवाजांखाली नदीत उतरू नका, विसर्ग वाढला की पाणी झपाट्याने चढतं. उन्हाळ्यात उजनीचा उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसतो, खाली मांडीभर असतो. काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नका आणि एकटे जाऊ नका.

हीच फ्लाय हिमाचलात किंवा काश्मीरला ट्राउटसाठी नेली तर?

खुशाल न्या, ८ आणि १० नंबरात. जोडीला फेझंट टेल निम्फ घ्या, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी, फेझंट पक्ष्याच्या शेपटीपासून केलेली फ्लाय. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी ती केवळ फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार यांवर बांधली, दोरासुद्धा नाही. तिथे परवाना लागतो, तो आधी काढा.

मासा सोडायचा असेल तर फ्लाय कशी असावी?

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून टाका. मासे निसटतील असं वाटतं, पण लाइन ताणलेली ठेवली की निसटत नाहीत, आणि गळ एका बोटाने निघतो. तुमच्या कानात किंवा पाठीत रुतला तरी तसाच निघतो. हात ओले करूनच माशाला धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मे महिन्यात पाणी तापलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा लवकर दगावतो. त्या दिवसांत फोटोसाठी बाहेर काढू नका. पाण्यातच गळ काढा, तोंड वाऱ्याच्या बाजूला करून धरा आणि तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत हात काढू नका.